मागच्या शॉकचा खालचा बोल्ट जाम, नट निघाला तरी बोल्ट बाहेर येत नाही

हर्णै_किनारा

नमस्कार. शनिवार दुपारपासून एका बोल्टपाशी अडकले आहे. सविस्तर लिहिते, नाहीतर तुम्हाला एकेक गोष्ट परत विचारत बसावं लागेल.

गाडी २००८ची अल्टो, पेट्रोल. मी हर्णैला राहते आणि खाडीपलीकडे आंजर्ल्याला शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे रोज पुलावरून ये-जा. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर बोट खारट लागतं, तसलीच हवा गाडीच्या पोटाखाली बारा महिने. त्यात गाडी सेकंडहँड घेतलेली आणि आधीच्या मालकांनी ती वाळूत घातली असावी. चॅसिसच्या खोबणीतून अजून वाळू निघते.

मागचा डावा शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर, गळतोय. खड्डा आला की धाडकन आवाज येतो आणि मागे बसलेली आई कळवळते. दापोलीहून शॉकची नवी जोडी आणली आणि घरीच बदलायचं ठरवलं. वडिलांची पान्यांची पेटी आहे, त्यांच्या हाताखाली प्लग, ब्रेक शू, फॅनबेल्ट बदललेले आहेत.

वरचा नट सहज निघाला. खालच्या डोळ्यातून, म्हणजे शॉकच्या टोकाच्या गोल कडीतून, आडवा जाणारा बोल्ट मात्र हटेना. नट आणि आटे गंजून एकजीव झाले होते. तारेच्या ब्रशने आटे दिसेपर्यंत घासले, गंज सोडवणारा स्प्रे तीन वेळा मारला, दर वेळी तासभर थांबले. बारा पैलूंची गोटी (सॉकेट) सटकायला लागली म्हणून शेजाऱ्यांकडून सहा पैलूंची १७ची आणली. टॉमीला, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याला, पंपाच्या पाइपचा दोन फुटी तुकडा लावला आणि वडिलांची पद्धत वापरली: आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं. चौथ्या की पाचव्या खेपेला 'कट्' असा आवाज आला आणि नट फिरला. मला वाटलं काम झालं.

पण बोल्ट बाहेर येत नाही. डोक्याला पाना लावला की साधारण अर्धा पाव वळसा फिरतो, आणि पाना सोडला की पाना आपोआप मागे येतो. शेपटीवर हातोडा मारला तर बोल्ट जागचा हलला नाही, उलट शेपटी कडेने फुलायला लागली, म्हणून थांबले.

गावातल्या एका गॅरेजमध्ये फोटो दाखवला. ते म्हणाले अख्खा ॲक्सल उतरवावा लागेल, चार दिवस गाडी ठेवा. शेजारचे दादा फ्रिज दुरुस्त करतात, ते गॅसची टॉर्च द्यायला तयार आहेत. गरम करू का? गाडी सध्या मागून उचलून जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर ठेवली आहे, हँडब्रेक ओढलेला आहे.

पाना_१४_१७

ताई, बोल्टचं नंतर. आधी गाडी चिऱ्यांवरून खाली घ्या. आत्ता.

मी रत्नागिरीत सव्वीस वर्षं गॅरेजमध्ये काम करतोय. जांभा बांधकामाला उत्तम, कारण भिंतीत वजन सगळ्या चिऱ्यावर सारखं पडतं. गाडीखाली वजन एका टोकावर येतं. चिरा भोकाभोकांचा असतो, आतून ओलाही असतो, आणि फुटताना आधी चाहूल देत नाही. तुम्ही त्या गाडीखाली झोपून पाइप लावून ताकद काढलीत हे वाचून पोटात गोळा आला. लोखंडी स्टँड आणा, विकत नको असेल तर टायरवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागा. स्टँड मिळेपर्यंत खाली शिरू नका.

दुसरं. अल्टोचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो आणि मागची चाकं तर तुम्ही हवेत उचललीत. म्हणजे आत्ता गाडीला काहीच धरून नाही. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावा.

तिसरं. शॉक सुटला की ॲक्सल खाली लोंबतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. ॲक्सलखाली दुसरा जॅक हवाच.

एवढं करा आणि मला एक सांगा. पाना सोडल्यावर मागे येतो म्हणता, तेव्हा डोळ्यातलं रबर पिळताना दिसतं का?

हर्णै_किनारा

काका, गाडी खाली घेतली. चिरे बाजूला काढताना एकाचा कोपरा हातातच सुटून आला, मुठीएवढा. तो बघून काही वेळ ओट्यावर बसून राहिले. आई घरातून विचारत होती काय झालं, तिला काही सांगितलं नाही. स्टँड उद्या केळशी फाट्यावरच्या टायरवाल्यांकडून मिळतील.

पाना मी नुसता पुढे-मागे करते आणि शेजारचे दादा बाजूने बॅटरी मारून बघतात, असं आताच केलं. हो, रबर पिळतं. बोल्टबरोबर डोळ्याच्या मधला भागही फिरतो आणि सोडला की रबर त्याला परत आणतं.

पाना_१४_१७

मग निदान झालं. तुमचा बोल्ट आट्यात जाम नव्हताच, म्हणजे तिथला जाम तुम्ही सोडवलात. डोळ्यातल्या रबराच्या आत एक लोखंडी नळी असते, आम्ही तिला बुशची स्लीव्ह म्हणतो. बोल्ट त्या स्लीव्हमध्ये गंजून चिकटलाय. तुम्ही पाना फिरवता तेव्हा बोल्ट आणि स्लीव्ह दोन्ही मिळून फिरतात आणि रबर ती ताकद गिळतं. हातोड्याचंही तेच, मार रबरात मुरतो. म्हणून आणखी लांब पाइप, आणखी मोठा घण, यातलं काहीही चालणार नाही. उलट ब्रॅकेटचे कान, म्हणजे बोल्टला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ॲक्सलवरच्या पट्ट्या, वाकतील आणि मग खरंच ॲक्सलचं काम निघेल.

पुणे_कोथरूड_गाडीवेडा

ताई, माझ्या बाबतीत टॉर्चनेच काम झालं होतं. सायलेन्सरचे स्टड जाम होते, नट लाल होईपर्यंत तापवले, मग मेणबत्तीचा तुकडा आट्यावर टेकवला. मेण वितळून आत ओढलं गेलं आणि नट हाताने निघाला. मेण चांगलं काम करतं, स्प्रेपेक्षा भारी.

उद्यमनगर_टर्नर

वरच्या मित्राचं सायलेन्सरपुरतं अगदी बरोबर. इथे अजिबात नको. टॉर्च परत करा ताई.

कोल्हापुरात लेथवर आयुष्य गेलं, तापवणं आमचं रोजचं, म्हणून कुठे तापवायचं नाही हे ठामपणे सांगतो. अल्टोची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, म्हणजे तुमच्या बोल्टपासून वीतभर पुढे. ब्रेकचा पाइप ॲक्सलवरूनच गेलेला. बोल्टभोवती रबर, ते पेटलं की काळा धूर आणि वास, विझता विझत नाही. शॉक म्हणजे तेल आणि दाबाखालचा गॅस भरलेली बंद नळी, ती तापली तर फुटते. शिवाय तुम्ही तीन वेळा मारलेला स्प्रे अजून तिथेच ओला आहे आणि तो पेट घेतो.

आणि इतका धोका पत्करून हाती काय लागेल तेही बघा. लोखंड एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. १२ मिलिमीटरच्या भोकाचं तापमान ४०० अंशांनी वाढवलं तर भोक जेमतेम ०.०६ मिलिमीटर मोठं होतं. नट मोकळा असेल, तो एकटा पटकन तापवता येत असेल आणि आतला बोल्ट थंड राहत असेल, तर तेवढं पुरतं. स्लीव्ह रबराच्या पोटात आहे. तिला एकटीला तापवताच येत नाही.

शॉक तुम्ही फेकणारच आहात. मग त्याच्या बुशचा जीव कशाला वाचवायचा? बोल्ट कापा. स्लीव्हच्या दोन्ही टोकांना, ब्रॅकेटच्या कानाच्या आतल्या बाजूने. मधला तुकडा शॉकसकट खाली येतो, उरलेले दोन तुकडे कानातून हाताने निघतात. ग्राइंडर लावू नका, ठिणग्या टाकीकडे उडतात. हाताने कापा.

हर्णै_किनारा

समजलं. टॉर्च परत दिली.

गंजाचा धडा मी आठवीला दर वर्षी शिकवते: लोखंड, ऑक्सिजन, पाणी, आणि तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय आणि बोल्टसमोर बसल्यावर एकदाही आठवलं नाही. गंज म्हणजे लोखंडाची झीज, झीज म्हणजे सैल, असंच डोक्यात होतं. बंद नळीत फुगायला जागाच नाही, म्हणून तो पाचरीसारखा ठोकून बसला आहे. हे आत्ता नीट कळलं.

एकच शंका. कान आणि रबर यांच्यामध्ये फट फारच कमी आहे, दोन मिलिमीटर असेल. हॅकसॉची चौकट तिथे जातच नाही. कान कापला गेला तर?

मिशिगन_मराठी

ताई, मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीचा प्रत्येक बोल्ट तुमच्या बोल्टसारखाच असतो. असे चार तरी कापले आहेत.

हॅकसॉची चौकट बाजूला ठेवा, नुसतं ब्लेड घ्या. बायमेटल, इंचाला २४ दातांचं. साधं कार्बन स्टीलचं स्वस्त ब्लेड बोल्टवर दहा मिनिटांत बोथट होतं. एका टोकाला जाड कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावली की मूठ तयार. दात आपल्याकडे ठेवा, म्हणजे ओढताना कापेल. ढकलताना नुसतं ब्लेड वाकून तुटतं. तुटलं तर बोटं जातात, म्हणून चामड्याचे हातमोजे आणि चष्मा घाला.

फटीसाठी: मोठा स्क्रूड्रायव्हर कान आणि डोळ्याच्या मध्ये घालून रबर पलीकडे दाबा. रबर आहे, दबतं. तीन-चार मिलिमीटर मिळतात, तेवढे पुरतात. ब्लेड रबराला चिकटवूनच चालवा. रबर कापलं गेलं तर जाऊ दे, कानाला चरा पडू देऊ नका. दर पन्नास ओढींनंतर तेलाचा थेंब. घाई केली की ब्लेड तापतं आणि दात जातात.

आता उजव्या बाजूबद्दल, कारण तीही अशीच असणार. तिथे आजच तेल सोडायला सुरुवात करा. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे, दर वेळी हलवून घ्यायचं कारण दोन्ही वेगळी होतात. ॲसिटोन पटकन पेट घेतं, बंद खोलीत मिसळू नका, आणि गाडीच्या रंगावर पडलं तर रंग जातो. बाजारात मिळणारा निळा-पिवळा डबा, WD-40, मुळात पाणी हटवण्यासाठी (वॉटर डिस्प्लेसमेंट) केलेला आहे. नावातली दोन अक्षरं त्याचीच आणि ४० म्हणजे चाळिसावं मिश्रण. १९५३मधली गोष्ट. हलक्या गंजाला चालतो, इतक्या जुन्या जामाला दुबळा पडतो.

तेल नटावर ओतू नका. स्लीव्हच्या दोन तोंडांशी, जिथे बोल्ट आत शिरतो तिथे सोडा. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. दर वेळी पान्याने थोडं पुढे, थोडं मागे.

हर्णै_किनारा

रविवारचा वृत्तांत.

सकाळी स्टँड आले. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना ओंडके, मागे दोन स्टँड, ॲक्सलखाली जॅक. शिरण्याआधी गाडीला बाजूने जोर लावून हलवून बघितलं. हलली नाही.

दापोलीत दोन दुकानं फिरल्यावर बायमेटल ब्लेड मिळाली, चार घेतली. पहिलं ब्लेड माझ्या चुकीने गेलं, दात उलटे धरले होते. दुसऱ्या ब्लेडने बाहेरची बाजू धरली. पहिली वीस मिनिटं नुसती चकाकी दिसत होती. मग लोखंडाचा कीस पडायला लागला, काळा नाही, चांदीसारखा, आणि तेलात भिजून बोटांना चिकटणारा. पाऊण तासात बाहेरची बाजू कापली गेली. शेवटच्या दोन ओढींना आवाज बदलतो, जाडसर 'खर्र'चा पातळ 'सुं' होतो. तिथे हात आपोआप हळू झाला.

आतली बाजू कठीण होती, कारण झोपून डाव्या हाताने ओढावं लागत होतं. तिसरं ब्लेड तुटलं, हातमोज्याला चीर पडली, बोट वाचलं. दीड तास लागला. शॉक खाली आला तेव्हा जॅकवरचा ॲक्सल बोटभरही हलला नाही.

मग तो तुकडा व्हाइसमध्ये धरून नीट बघितला. कापलेल्या तोंडावर मधोमध बोल्टचं चकचकीत वर्तुळ, बाहेर स्लीव्हचं चकचकीत कडं, आणि दोन्हींच्या मध्ये गडद तपकिरी, जवळजवळ काळी रेघ. केसाएवढी असेल. नखाने खरवडली तर हलली नाही, दाभणाच्या टोकाने टोकरली तेव्हा तिचा चुरा झाला. भिंगातून बघितल्यावर दिसलं की ती रेघ एकसंध नाही, आत पापुद्रे आहेत, कांद्यासारखे. अख्ख्या ॲक्सलचं काम सांगितलं गेलं ते या केसाएवढ्या रेघेपायी.

हा तुकडा मी मंगळवारी वर्गात नेणार आहे. पुस्तकातलं खिळ्यांचं आणि परीक्षानळ्यांचं चित्र चांगलंच आहे, पण हे हातात घेऊन बघता येतं.

आता विचारते: नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घेतला तर चालेल का? आणि ग्रीस लावायचं का?

उद्यमनगर_टर्नर

शाब्बास ताई. झोपून हाताने ८.८चा बोल्ट कापलात, आमच्या वर्कशॉपमधली पोरं एवढा धीर धरत नाहीत.

बोल्ट शक्यतो कंपनीचाच घ्या. नाहीच मिळाला तर तेवढ्याच जाडीचा, तेवढ्याच लांबीचा आणि त्याच पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असलेला. डोक्यावर ८.८ हा आकडा उठवलेला बघूनच. पहिल्या ८चा अर्थ असा की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही, आणि .८ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कायमचा ताणलाही जात नाही. ग्रिलला लावतात तो बिनआकड्याचा बोल्ट इथे नको. मागच्या सीटवर आई बसते असं तुम्हीच लिहिलंय. आट्यांची लांबीही बघा, कानाच्या भोकात आटे नकोत, सपाट दांडा हवा. नट नवा.

ग्रीस दांड्याला पातळसर लावा, स्लीव्हच्या आत बसेल तेवढ्या भागाला. रबराला लागू देऊ नका, साध्या ग्रीसने रबर फुगून खराब होतं.

पाना_१४_१७

आणि हे विसरू नका, कारण गॅरेजमध्येही पुष्कळ जण विसरतात. खालचा बोल्ट गाडी उचललेली असताना शेवटचा आवळायचा नाही. हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागची बाजू दोनदा दाबून सोडा, मग आवळा. लोंबत्या ॲक्सलवर आवळलंत तर स्लीव्ह त्याच कोनात घट्ट होते आणि गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत बुश फाटतं आणि माणूस शॉकला नावं ठेवतो.

उजव्या बाजूला तेल चालू आहे ना?

हर्णै_किनारा

चालू आहे. ऑटोमॅटिकचं तेल दापोलीत मिळालं, ॲसिटोन शाळेच्या प्रयोगशाळेतलं वापरलं नाही, दुकानातून विकत आणलं. सकाळी शाळेला जाण्याआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला, दोन्ही तोंडांशी दहा-दहा थेंब. शाळेत सध्या रिक्षाने जाते आहे. पहिल्या दोन दिवसांत काही फरक नाही, पाना फिरतो आणि रबर त्याला परत आणतं. तिसऱ्या दिवशी तोंडाशी तांबूस पाणी दिसलं, पुसलं तर परत आलं. म्हणजे तेल आत जातंय असं धरून चालले.

डावा शॉक तोपर्यंत बसवून टाकला. कंपनीचा बोल्ट तीन दिवसांनी येणार होता, पण दुकानदारांनी चिपळूणहून येणाऱ्या एसटीतून मागवून दिला. गाडी खाली उतरवूनच आवळला, काका.

आज पाचवा दिवस. संध्याकाळी आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, मी उजव्या चाकापाशी. नट डाव्यापेक्षा लवकर सुटला. मग डोक्याला पाना लावला, थोडा पुढे रेटला आणि सवयीने हात सोडला. पाना मागे आला नाही. जिथे सोडला तिथेच राहिला.